झटकलेले कपडे

गल्लीत त्यांना सगळे चीफच म्हणत. नौदलातून निवृत्त होऊन किती वर्षं लोटली, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. लढाईत त्यांच्या जहाजाला गोळा लागला, तेव्हा वाफेच्या मोठ्या नळीला चीर गेली होती. ती फुटली असती तर बॉयलरखोलीत एकही माणूस वाचला नसता. चीफनी भाजत्या हातांनी पट्टे आवळले, फाटलेलं ॲस्बेस्टॉसचं वेष्टण पुन्हा गुंडाळलं आणि जहाज आपल्या पायांनी घरी आलं. त्याचं पदक मिळालं. पदक त्यांचं, पण टूथपेस्ट लावून घासायची त्यांची बायको.

"लढाई तुमची, चकाकी माझी," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची.

मग तिला खोकला लागला. साधा म्हणता म्हणता छातीत पाणी झालं. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठल्या कारखान्यात होतात का? बांधकामावर वगैरे?"

"छे हो! घर आणि फार तर बाजार. हे मात्र नौदलात होते. लढाईचं पदक आहे ह्यांना."

"यांचे कामाचे कपडे कोण धुवायचं?"

"मीच, दुसरं कोण? आधी गॅलरीत चांगले झटकायचे, मग भिजवायचे. पांढरा भुगा उडायचा, पिठासारखा."

डॉक्टरीणबाईंनी चीफकडे पाहिलं. नोकरीच्या शेवटी शेवटी ते वेष्टण काढायला नखशिखान्त झाकलेली माणसं येत, हे त्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून ते स्वतःची छाती नेमाने तपासून घेत. कपड्यांवरून घरी येणाऱ्या ॲस्बेस्टॉसच्या भुग्याचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

चीफना एकट्याला बाहेर बोलावून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्रास कमी करता येईल. आजार नाही."

"बाबा, आईला यातलं काही सांगू नका," चीफनी घरी सगळं सांगितल्यावर त्यांची मुलगी म्हणाली. "सांगून काय हाती लागणार आहे?"

खरं होतं तिचं. पण बायको उशांना टेकून धापा टाकत "कुठून आलं हो हे माझ्या राशीला?" असं रोज विचारायची, आणि चीफ ताट अर्धवट सोडून उठायचे. एका दुपारी त्यांनी सांगून टाकलं.

तिने त्यांच्याकडे मान वळवली. मग म्हणाली, "मग तुम्हाला का नाही झालं?"

"माहीत नाही गं."

"आगीत तुम्ही होतात. मी तर जहाज आतून बघितलंसुद्धा नाही."

"मलाच व्हायला हवं होतं."

"बोलायला काय जातंय," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. त्या दिवसापासून ती पाणी मागायची ते मुलीकडे.

चीफनी कोटावर पदक लावलं आणि माजी सैनिकांचं कार्यालय गाठलं. बायकोचा आजार नोकरीमुळे झाला एवढं तरी कोणी मान्य करावं, इतकंच मागणं होतं. तिथला अधिकारी पदक पाहून उठून उभा राहिला. चहा मागवला.

"नोकरीमुळे आजार म्हणजे नोकरीतल्या माणसाचा, सर. वहिनी कधी जहाजावर होत्या?"

"माझे कपडे होते."

"कपडे धुणं ही सेवा धरत नाहीत, सर." तो इतक्या मऊ आवाजात बोलला की भांडायलाही जागा उरली नाही. चीफ चहा पिऊन परत आले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गेली. जाण्याआधी एकदाच, अर्धवट ग्लानीत, जुन्या सवयीने तिने विचारलं होतं, "जेवलात का?" चीफ उपाशी होते. "हो," म्हणाले. दोघांमधलं ते शेवटचं बोलणं. तिने माफ केलं होतं की नुसतीच जीभ वळली होती, याचा ते पुढे कितीतरी दिवस विचार करत बसले.

मग एके सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, माझ्याबरोबर जरा डॉक्टरीणबाईंकडे येता?"

"का? तुला काय होतंय?"

"काही नाही. पण लहानपणी तुम्ही आलात की मी दारातच तुमच्या गळ्यात पडायचे ना? कपडे बदलायच्या आधी."

चीफनी चपला घातल्या.

डॉक्टरीणबाईंनी मुलीच्या छातीचा फोटो उजेडाला लावून खूप वेळ पाहिला. "सध्या काही दिसत नाही."

चीफ उठायला लागले.

"पण हे फार उशिरा वर येतं. कधी कधी चाळीस वर्षांनी. दरवर्षी दाखवत जा."

"आणि तेव्हाही काही दिसलं नाही तर?" चीफनी विचारलं.

"तर पुढच्या वर्षी."

बाहेर येऊन मुलगी म्हणाली, "चला, वाईट तर काही निघालं नाही!" त्यांनी मान डोलावली. ती गाडी काढायला गेली आणि ते फाटकापाशी थांबले. त्यांची स्वतःची छाती ठणठणीत होती. अजून दहा वर्षं सहज काढाल, असं मागच्याच तपासणीत त्यांना सांगितलं होतं. पूर्वी कोणी असं म्हटलं की त्यांना बरं वाटायचं. आता दहा वर्षं म्हणजे मुलीचे दहा फोटो.

"बाबा, बसताय ना?" मुलीने गाडीतून हाक मारली.

"आलो," म्हणाले खरे, पण फाटकापाशीच उभे राहिले.