धरून ठेवलेल्या खुर्च्या

"हेर आगटे, पावणेबारा वाजले. ह्या खुर्च्या मी आता सोडते," तिकीटखिडकीतल्या फ्राऊ लिंडनर म्हणाल्या.

"फक्त पाच मिनिटं. माझी माणसं रस्त्यात आहेत," विष्णू जर्मनमध्ये म्हणाला आणि रांगेकडे पाठ करून उभा राहिला.

श्टुटगार्टमधल्या त्या जुन्या थिएटराच्या छोट्या हॉलमध्ये साठ खुर्च्या होत्या. त्यांतल्या बेचाळीस विष्णूने फोन करून राखून ठेवल्या होत्या. त्या रविवारी बारा वाजता त्याच्या मुलीचा, मुक्ताचा, पहिला सिनेमा लागणार होता. राखलेली तिकिटं अर्धा तास आधी उचलायची, नाहीतर ती दुसऱ्याला मिळणार, असा तिथला नियम. विष्णू गेर्लिंगेनच्या कारखान्यात पंचवीस वर्षं पंपांच्या चाचण्या घेत होता आणि नियमात बसत नाही तो पंप परत पाठवत होता. पण जागा धरणं ही त्याच्या लेखी वेगळी गोष्ट होती. साताऱ्याला नाटकाला तो सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि रुमाल, पिशव्या टाकून अख्खी रांग धरायचा. आपली माणसं उशिरा येतात, पण येतात, हा त्याचा अनुभव. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बेचाळीस जणांनी 'नक्की' लिहिलं होतं आणि ह्या भाबड्या माणसाने ते खरं मानलं होतं.

मुक्ताने गोष्ट स्वतः रचली होती. कुठल्या गाजलेल्या पुस्तकावरून घेतलेली नाही, कशाचा पुढचा भाग नाही. चार वर्षं तिने त्यात घातली होती. त्याच आठवड्यात चौकापलीकडच्या मोठ्या थिएटरात एका लोकप्रिय मालिकेचा सातवा भाग आठ पडद्यांवर लागला होता. इथल्या मालकाने तिला साफ सांगितलं होतं, "रविवारी चाळीस माणसं आली, तर सोमवारी मी वितरकांकडून तुझ्यासाठी दुसरा आठवडा मागून घेईन. नाहीतर गुरुवारपासून इथेही सातवा भाग."

रांगेत पंचवीसएक माणसं होती. विद्यार्थी, काठी टेकत आलेले आजोबा, सायकलचं हेल्मेट हातात धरलेलं एक जोडपं. राखीव नसलेली अठरा तिकिटं कधीच संपली होती. फ्राऊ लिंडनर प्रत्येकाला "थांबा, कदाचित मिळेल," म्हणत होत्या.

कुंदाने नवऱ्याची बाही ओढली. "अहो, द्या ना सोडून त्या खुर्च्या. लोक परत चाललेत."

"चारुदत्त मंडळातल्या सगळ्यांना घेऊन निघालाय. ते आले आणि जागाच नसली तर? कसं दिसेल ते?"

"फोन तरी लागलाय का त्याचा?"

"गाडी चालवत असेल."

हॉलच्या दारातून मुक्ता डोकावली. हातात माइक, चेहरा उतरलेला. "बाबा, वास इस्ट लोस? काय झालंय? आत सगळं रिकामं दिसतंय."

"भरतंय गं. तू आत जा."

त्याने पाचव्यांदा फोन लावला. मंडळाचा सचिव चारुदत्त ह्या वेळी बोलला, पण मागे प्रचंड गलका होता.

"विष्णूकाका, सॉरी हां! आल्झो, काय झालं, पोरांनी सातव्या भागाचा हट्ट धरला, मग आम्ही सगळेच इकडे आलो. काल रात्री दुसऱ्या ग्रुपवर ठरलं ते, तुम्ही त्यात नसाल. मुक्ताचा आपण नेक्स्ट वीक बघू, नक्की! तो काय कुठे पळून जातोय?"

विष्णूने फोन ठेवला. तो वळला तेव्हा रांग उरली नव्हती. एक म्हातारी बाई तेवढी भिंतीशी बसली होती. तो धावत बाहेर गेला. हेल्मेटवालं जोडपं चौक ओलांडून मोठ्या थिएटरात शिरत होतं आणि आजोबांची बस सुटली होती. "थांबा, जागा आहेत!" तो ओरडला, तोही मराठीत. कोणी मागे पाहिलं नाही.

"सोडा खुर्च्या," आत येऊन तो म्हणाला.

"दहा मिनिटांपूर्वी सोडल्या असत्या, तर चाळीसच्या वर गेलो असतो," फ्राऊ लिंडनर शांतपणे म्हणाल्या आणि त्या बाईंना तिकीट दिलं.

सिनेमा एकोणीस जणांनी पाहिला. विष्णूला त्यातलं धड काही दिसलं नाही. आपण आपल्या हाताने पोरीचा घात केला, एवढंच डोक्यात घुमत होतं आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती.

शेवटी मुक्ता पडद्यासमोर आली. "काही प्रश्न?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

विष्णू उभा राहिला. कुंदाने त्याचा हात धरला, तो त्याने सोडवला.

"प्रश्न नाही," तो जर्मनमध्ये म्हणाला. "ह्या खुर्च्या सिनेमामुळे रिकाम्या राहिल्या नाहीत. मी त्या माझ्या लोकांसाठी धरून ठेवल्या. ते आले नाहीत. बाहेर पंचवीस माणसं उभी होती. त्यांना मी आत येऊ दिलं नाही."

मुक्ता त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने माइक दुसऱ्या हातात घेतला.

"दांके," तिने आभार मानले. "पुढचा प्रश्न?"

मागच्या रांगेतून त्या म्हाताऱ्या बाई बोलल्या, "मला फार आवडला. पुढच्या रविवारी बहिणीला घेऊन येते. इथेच असेल ना?"

मुक्ताने मालकाकडे पाहिलं. तो दाराशी उभा राहून बुटांकडे बघत होता.

"उद्या कळेल," मुक्ता म्हणाली आणि बाईंकडे पाहून हसली.

विष्णू अजून उभाच होता. खाली बसा, असं त्याला कोणी म्हटलं नाही.