विहीणबाईंची पावलं

हापसानं लोखंडी फावड्याची पात बर्फाखाली घातली आणि जोर लावला. बर्फ निघाला, पण एकटा निघाला नाही. तळहाताएवढं चिखलाचं खापर सोबत घेऊन आला आणि खाली भुशाच्या काड्या उघड्या पडल्या. तिनं ते खापर उचललं, उलटं करून पाहिलं आणि वरच्या अंगाला, खुन्चेच्या बंद दारावर भिरकावलं.

"बघ! डोळे फुटले नसतील तर बघ! माझ्या घराचं कातडं सोललंस!"

दार उघडलं नाही. धुराड्यातून धूर मात्र निघत होता, म्हणजे बाई जागी होती.

डोंगरउतारावरच्या त्या गावात खालच्याचं माळवद तेच वरच्याचं अंगण. रात्री बर्फ पडला की खालच्यानं उजाडता छत झाडायचं, आणि तोवर वरच्यानं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. मऊ बर्फ लाकडी फावड्यानं सरसर ढकलला जातो. पण त्यावर एकदा पाय पडला की तो दबतो, घरातल्या उबेनं खालून पाझरतो, पुन्हा गोठतो आणि चिखलाला असा चिकटतो की छत सोलल्याशिवाय सुटत नाही. लहान पोरंसुद्धा लघवी दाबून दारात उभी राहत, पण झाडण्याआधी बाहेर येत नसत. आणि ही खुन्चे, चार नातवंडांची आजी, आठवड्यात चौथ्यांदा!

शेजारच्या माळवदावर दरवेश दगडी रूळ फिरवत होता. झाडून झालं की ओला चिखल दाबून घ्यायचं त्याचं रोजचं काम.

"हापसा, हळू!" तो म्हणाला. "बर्फ काढतेयस की विहीर खणतेयस?"

"तू तुझा रूळ ओढ. तुझ्या डोक्यावर कुणी नाचत नाही."

"नाचतेय कुठं? सरळ येते नि सरळ जाते. बघ की. दारापासून साण्यापर्यंत, आणि माघारी."

पावलं खरंच तशी होती. रबरी बुटांची, डाव्या टाचेला ठिगळ. खुन्चेच्या दारातून निघून थेट साण्याशी थांबलेली. साणं म्हणजे छताला ठेवलेलं चौकोनी भोक. उजेड तिथूनच यायचा, आणि गवत कापलं की भारे तिथूनच आत सोडायचे. मग शिडी लावून माणूसही उतरायचा. हिवाळ्यात त्यावर फळ्यांचं झाकण. त्या झाकणाच्या कडेला बर्फ तुडवून तुडवून नुसता दगड झाला होता.

"मुद्दाम करते," हापसा म्हणाली. "अक्रोडाचं उट्टं काढतेय सटवी."

अक्रोडाचं भांडण पानगळीतलं. दोन घरांच्या मधलं झाड कुणी झोडायचं यावरून पेटलं आणि झाडापाशी थांबलं नाही. खुन्चे झऱ्यावर चारचौघींत म्हणाली, माझी पोर मी सून म्हणून दिली होती, मोलकरीण म्हणून नाही. हापसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती घरी आली, टोपल्यातली भाकरी हातात घेतली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "तिनं माझा उंबरा ओलांडला, किंवा माझ्या घरातल्या कुणी तिचा, तर ही भाकरी मला विष होवो!"

भाकरीची शपथ. ती कुणाला सोडवता येत नाही, मशिदीतल्या मुल्लालाही नाही. आणि हापसाच्या घरात होतं कोण? एक ती, आणि एक सून शिलान, खुन्चेची धाकटी. हापसाचा मुलगा रेबीन दक्षिणेत बंदरावर हमालीला गेला होता; घाट बर्फानं बंद होता, वसंताआधी तो येत नव्हता. शिलानला आठवा संपत आला होता. पहिलंच बाळंतपण.

हापसा खाली आली तेव्हा शिलानच्या उशापाशी तांब्याच्या भांड्यात पाणी ठिबकत होतं. वरची तुळई काळी पडली होती. हापसानं तिच्याखाली एक सोट टेकू म्हणून ठोकला, आणि ठोकता ठोकताच बोलली,

"अंथरूण चुलीकडं घे."

"नको, आत्याबाई."

"नको काय नको? तुळई बघ. परवा बोटभर वाकली होती, आज दोन बोटं. पोटातल्यासकट गाडली जाशील."

"तिकडं धूर होतो. मला इथंच झोप लागते."

"ओल्या उशीवर झोप लागते हिला! आईवर गेलीयस, अगदी आईवर. ती वरून छत फोडतेय आणि तू खाली डोकं देऊन बसलीस!"

शिलाननं भांड्यातला चमचा काढून पुसला आणि उशीखाली सरकवला. हापसाला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. ती रागानं इतकी भरली होती की ताकाचा पेलासुद्धा तिनं आदळूनच सुनेपुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आतच ती उठली. रात्रभर पुन्हा बर्फ पडला होता. आज बाईला रंगेहाथ धरायचं, दरवेशला साक्षीला उभं करायचं, मग बघू गाव काय म्हणतं ते. फावडं घेऊन ती दाराच्या कडीला हात घालणार, तोच डोक्यावर पावलं वाजली. करकर, करकर. पावलं साण्यापाशी येऊन थांबली.

तुळईतून माती झरली. अंथरुणावर शिलान जागीच होती. तिनं उशीखालचा चमचा काढला आणि भांड्यावर एकदा हलकेच वाजवला.

वरून टाच दोनदा आपटली.

शिलाननं पुन्हा वाजवलं, या वेळी दोनदा. आता वरून टाच तीनदा आपटली, घाईघाईनं, जोरात. शिलान तोंडावर पदर धरून हसली. मग तिनं दुसरा हात पोटावर ठेवला. थोड्या वेळानं पावलं माघारी गेली, आणि पोर कुशीवर वळून अशी झोपली की जणू आत्ताच कुणी थोपटून गेलं होतं.

हापसा अंधाऱ्या कोपऱ्यात फावडं धरून तशीच उभी राहिली. छत त्या टाचेनंच बसणार होतं. लेकीच्याच डोक्यावर. आणि दोघी मूर्ख, दोघी! तिला दोघींचा भयंकर राग आला. मग तिची नजर भाकरीच्या टोपल्यावर गेली, आणि राग तिथून पुढं कुठं न्यावा हे तिला कळेना. तिनं टोपल्यावर फडकं टाकलं, तरी ते टोपलं दिसायचं राहिना.

त्या दिवशी दरवेशनं विचारलं, "काय गं, सापडली का चोर?" तर म्हणाली, "तुझा रूळ तिकडं घाल, माझ्या कानाशी नको." संध्याकाळी तिनं राख चाळली, तीत जाडं मीठ कालवलं आणि बादली दाराशी ठेवली.

तिसऱ्या दिवशी गावात सगळ्यात आधी तिचं फावडं वाजलं. तिनं खुन्चेच्या दारापासून सुरुवात केली. उंबऱ्याला भिडून बर्फ ढकलला, थेट साण्यापर्यंत, खालचा चिखल दिसेस्तोवर. साण्याजवळचा जुना दगडबर्फ रात्री घातलेल्या मीठराखेनं भुसभुशीत झाला होता. तो तिनं हातांनी काढला, एक खापरसुद्धा निघू न देता. नखं फुटली. वाट कोरडी झाली तेव्हा तिनं झाकण बाजूला सरकवलं, गोठ्यातून काहीतरी लांबलचक ओढत आणलं आणि सावकाश आत सोडलं. मग ती माळवदाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि पाठमोरी बसून गोठलेली पन्हळ फोडू लागली.

वरचं दार किलकिलं झालं. खुन्चे पाय उचलून तसाच धरून राहिली. समोर बर्फच नव्हता. वाटेच्या टोकाशी साणं उघडं होतं आणि त्यातून शिडीची दोन टोकं वर आली होती.

"हापसा?"

"मला हाका मारू नकोस," हापसा पन्हळीवर घाव घालत म्हणाली. "मी कामात आहे. मला मागचं काही दिसत नाही."

खुन्चे हलली नाही.

"आणि छतावर टाच आपटायची नाही," हापसा मान न वळवता खेकसली. "छत आहे ते, डफ नाही. साण्याला उंबरा नसतो. जा आता, पोर गारठेल. वरून तिसरी पायरी सैल आहे, तिच्यावर भार देऊ नकोस."

ठिगळाचे बूट कोरड्या चिखलावरून गेले. शिडी करकरली. खालून शिलानचा आवाज आला, एकच शब्द. हापसानं घाव घालणं थांबवलं नाही. पन्हळीतला बर्फ केव्हाच निघाला होता.