थाओकेची सात मिनिटं

थाओके कियांगने बँकॉकच्या स्टुडिओचा कारभार अठरा वर्षं पाहिला. थाओके म्हणजे आमच्याकडचा शेठ. कोणता सिनेमा काढायचा, कोणाला घ्यायचं, किती कापायचं, सगळं त्याच्या हातात. दिग्दर्शकांनी हौसेने घेतलेली मुकी दृश्यं तो बेधडक कापायचा. "लोक झोपतील," म्हणायचा. मग पन्नाशीत त्याने खुर्ची सोडली आणि स्वतःचा सिनेमा काढला. त्यात शेवटची सात मिनिटं कोणी बोलतच नाही. आई नदीकाठी उभी आहे, मुलाची होडी लांब जाते, बस्स.

तेव्हा आमच्या फिल्मवर आवाज नसायचा. थिएटरातल्या खोलीत मायक्रोफोनपुढे बसून, पडद्याकडे बघत, बायकांचे आवाज मी काढायचे आणि पुरुषांचे माझा नवरा थोंगदी. मला वाचता येत नव्हतं. थाओके संवाद स्वतः वाचून दाखवायचा, मी पाठ करायचे.

"शेवटी तोंड मिटून बसायचं, लमाय," त्याने बजावलं. "श्वाससुद्धा ऐकू येता कामा नये."

"थाओके, अठरा वर्षं दुसऱ्यांचं कापलंत, आणि आता?"

"म्हणूनच. एकदा माझं राहू दे."

कोराट शहरात दुपारचा खेळ लावला. गावोगावचे वितरक मागच्या रांगेत होते. ते नाही म्हणाले, तर थाओकेला जुन्या स्टुडिओच्या दारात नोकरी मागत उभं राहावं लागणार होतं. तो आमच्या खोलीत, माझ्या शेजारी स्टुलावर येऊन बसला.

दोन तास झकास गेले. लोक हसले, रडले. मग ती सात मिनिटं सुरू झाली. पहिलं मिनिट निघालं. मग पुढून एकजण ओरडला, "ओ आवाजवाल्या बाई, जेवायला गेलात का?"

"नवऱ्याशी भांडण झालं असेल!"

"अरे, मिरचीने जीभ भाजली तिची!"

सगळं थिएटर हसायला लागलं. वितरकांतले दोघे उठले. थाओकेने मायक्रोफोनवर पंजा दाबून धरला होता. पडद्यावर आईने एकदा घराकडे बघितलं, पुन्हा नदीकडे. माझा थोरला लष्करात गेला तेव्हा मीही अशीच उभी होते. मी थाओकेचा हात बाजूला सारला आणि अगदी हळू म्हटलं, "भात झाकून ठेवलाय रे."

हसणं थांबलं. होडी दिसेनाशी होईपर्यंत कोणी खोकलंसुद्धा नाही. उठलेले दोघे उभ्यानेच बघत राहिले.

दिवे लागले. थोंगदी माझ्याकडे बघेना. मला वाटलं, आता थाओके आपल्याला हाकलणार.

"किती शब्द बोललीस?" थाओकेने विचारलं.

मी बोटांवर मोजले. "चार."

"मी अजून स्टुडिओच्या खुर्चीत असतो तर सातच्या सात मिनिटं कापली असती," तो म्हणाला आणि हसत सुटला.

तेवढ्यात उबोनचा वितरक दारात आला. "थाओके, सिनेमा घेतो. पण या बाईसकट."

"बाई माझं ऐकत नाही. चालेल?"

पुढे थाओकेने आणखी अकरा सिनेमे काढले. प्रत्येकात एखादी जागा तो कोरी सोडायचा, आणि वाचून दाखवताना तिथे थांबून माझ्याकडे बघायचा.