दसरूचा डबल क्लच

मित्रांनो, जवळ या, पण गिअरच्या दांडीला हात लावण्याआधी तळवे दाखवा. राग मानू नका. मी दोन माणसांची, उघड्या अंगाची, जुनी विलायती मोटार आहे आणि माझा स्वभाव संशयी आहे. कुणी जवळ आलं की हा माझं काय बिघडवणार, हेच माझ्या मनात आधी येतं. जन्मापासून मी अशी नव्हते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागिरांनी मला बुटकी आणि हलकी केली आणि चार गिअरची पेटी माझ्या पोटात बसवली. जहाजानं मी मुंबईला आले, पुढे नागपूरच्या एका डॉक्टरांकडे दोन वर्षं राहिले आणि १९५३ साली चांद्याला आले. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. माझे मालक गुणवंतराव बांबूचे ठेकेदार होते. जंगलात बांबूची तोड चाले त्या जागेला कूप म्हणत. तिथे जायला खरं तर जीप हवी, पण मालकांना चारचौघांत उठून दिसायची हौस. पहिल्या दिवशी माझ्याभोवती ही गर्दी जमली, आणि एका म्हातारबाबांनी विचारलं, "बाकीचे मानसं कुठी बसतेत?" मालकांना ते मुळीच आवडलं नाही.

मला चालवायला कुरखेड्याकडचा दसरू नावाचा ड्रायव्हर होता. लढाईच्या काळात लष्करी ट्रक चालवून त्याचा हात तयार झाला होता. वळण आलं की तो क्लच दाबी, दांडी मधे आणी, क्लच सोडून इंजिनाला एक रेस देई, पुन्हा क्लच दाबी आणि थर्डमधून सेकंड टाकी. याला तो डबल क्लच म्हणे. हे सगळं इतक्या झटक्यात होई की माझ्या दातांना दात कधी लागले ते मलाही कळत नसे. आणि चिचपल्लीच्या जंगलात सरळ रस्ता मिळाला की तो मला मोकळी सोडी. दोन्ही बाजूंचे साग मागे पळत, मुरमाची लाल धूळ उठे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडे. त्या रस्त्यावर मी जितकी सुखी होते तितकी पुन्हा कधीच झाले नाही.

पण धुळीला तोंड असतं. दसरू मला उडवतो ही बातमी मालकांच्या कानावर गेली. तेव्हापासून मी घरी परतले की ते माझ्या बॉनेटवर तळहात ठेवून किती तापली ते बघू लागले. मैलांचा काटा रोज पाहू लागले. कुपावर बांबू ओढणाऱ्या लटारू गाडीवानाला त्यांनी पाळत ठेवायलाही सांगितलं. लटारू हो म्हणाला आणि त्यानं काहीच केलं नाही.

पुढच्या वर्षी दसऱ्याला दसरू गावी गेला होता. गुणवंतरावांच्या घरी रीत अशी होती की सणाच्या सकाळी घरच्या प्रत्येक बैलगाडीच्या आसाला मालकानं स्वतःच्या हातानं तेल द्यायचं. आठ गाड्या झाल्या आणि मालक माझ्याकडे वळले. बसण्याच्या जागेजवळ माझ्या गिअरपेटीचं रबरी बूच आहे. ते काढून त्यांनी आत डोकावलं. "सणासुदीच्या दिवशी पोटात असं काळं तेल?" असं म्हणून त्यांनी लटारूकडून खालचं बूच उघडवलं, जुनं तेल सांडून दिलं आणि बैलगाड्यांसाठी आणलेल्या कासंडीतलं पिवळं, स्वच्छ तेल माझ्या पोटात ओतलं. मग मला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तेल मऊ होतं. मला बरंच वाटलं, आणि मी ते विसरूनही गेले.

थंडी पडली आणि माझे हाल सुरू झाले. सकाळी गिअर पडेना. दसरू दांडी ढकली तेव्हा कर्रर्र आवाज गल्लीभर जाई आणि माझे दात झिणझिणत. दुपारी मात्र मालक स्वतः मला गावात फिरवत, तेव्हा गिअर अलगद पडत.

"माह्या हातानं कशी गुणानं चालते," मालक म्हणाले, "अन् तुह्याच हाताखाली काऊन बोंबलते?"

"मालक, एकडाव सकाळी तुमी चालवून पाहा," दसरू म्हणाला.

"आता तू मले शिकवतं? तूनं उडवू उडवू तिचे दात खाल्ले."

मित्रांनो, इथे एक कबुली देते. मलाही दसरूचाच संशय आला. पाळत ठेवल्यामुळे हा चिडला असेल आणि तो राग माझ्यावर काढत असेल, असं मला वाटलं. ज्या हातानं मला कधी दुखवलं नव्हतं, त्याच हाताची मी सकाळी धास्ती घेऊ लागले. त्याची मला आजही लाज वाटते.

पौषातल्या एका सकाळी मालक दसरूच्या शेजारी येऊन बसले. "आज कुपापर्यंत आवाज आला, तं चावी तिथीच ठेवायची अन् घरी जायचं," ते म्हणाले. असा ठपका घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला चांद्यात कुणी दुसरी गाडी दिली नसती. दसरूनं सगळी कला पणाला लावली. दोनदा, तीनदा क्लच दाबला, रेस दिली, थांबला, जपून दांडी लोटली. तरी घरचं फाटक ओलांडायच्या आतच मी बोंबलले. पुढे पेटी तापली तसा आवाज थांबला, पण मालकांचं ऐकून झालं होतं.

कुपावर उतरताच त्यांनी चावीसाठी हात पुढे केला. दसरू म्हणाला, "देतो. पन एकडाव पेटी खोलून पाहू द्या. मंग जातो." उत्तराची वाट न बघता तो माझ्याखाली शिरला. कोमट तेल बाहेर आलं ते त्यानं पळसाच्या पानांच्या द्रोणात धरलं आणि त्यात लोखंडाचा चुरा आहे का ते बघत बसला. मालक, लटारू, सगळे भोवती उभे होते. हवेत कडाक्याचा गारठा होता. बघता बघता द्रोणातलं तेल तुपासारखं पांढरं थिजलं.

जंगलातल्या गावाहून कामाला आलेली बुधरी डोक्यावरचा बांबू टाकून वाकली. तिनं बोटानं ते चाचपलं, वास घेतला. मोहाच्या बियांना इकडे टोळी म्हणतात आणि तिच्या घरी दरवर्षी टोळीचं तेल काढत. "हे तं टोळीचं तेल व्हय," ती म्हणाली. "पुसाच्या थंडीत असंच गोठते. उन्हात ठेवलं का पातळ होते."

सकाळ आणि दुपार, दोन्हींचा उलगडा झाला. मालकांनी द्रोणाकडे बघितलं, मग सगळ्यांकडे बघितलं. "कोनं टाकलं असन हे?" ते म्हणाले, आणि त्यांची नजर लटारूवर थांबली.

लटारूनं डोक्याचा रुमाल सारखा केला. "मालक, दसऱ्याले तुमीच तं ओतलं. खालचं बूच म्या खोललं होतं."

मालक शेकोटीकडे निघून गेले. दसरूनं माझी पेटी घासलेटनं धुतली, बांबू नेणाऱ्या ट्रकसाठी कुपावर ठेवलेल्या डब्यातलं गिअरचं तेल भरलं आणि हात पुसले.

परतताना मालक पुन्हा त्याच्या शेजारीच बसले होते. चिचपल्लीचा सरळ रस्ता आला. माझे दात मोकळे झाले होते, सगळं अंग धावायला आसुसलं होतं. पण दसरूनं त्या दिवशी मला बैलगाडीच्या चालीनं चालवलं. बारा मैलांना इतका वेळ मी कधीच घेतला नव्हता. मला वाटतं, तो मालकांना सवड देत होता. मालक सागाकडे बघत बसले.

घरी आल्यावर त्यानं चावी मालकांच्या हातावर ठेवली. "गाडी ठीक झाली. आता जातो मी."

"काऊन? खरं काय ते समजलं नं आता."

"तुमाले गाडीचं समजलं, मालक," दसरू म्हणाला. "मले तुमचं समजलं." आणि तो पायी निघून गेला.

पुढे चार ड्रायव्हर आले नि गेले. डबल क्लच कुणालाच जमला नाही. आता मी एका गोदामात धूळ खात उभी आहे, आणि मित्रांनो, तुम्हाला एकच विनवते. माझ्यासारख्या यंत्राला वेळेवर तेल द्या, पण काय ओततो आहोत ते जाणत्याला विचारून द्या. आणि कुणावर खोटा आळ घेतलात, तर त्याच्या शेजारी बसून बारा मैल गप्प राहू नका. चुकलो, एवढं म्हणायला मैलभराचा रस्ताही लागत नाही. मालकांनी तेवढं म्हटलं असतं, तर दसरूनं तिथल्या तिथे क्लच दाबून मला टॉप गिअरमध्ये टाकलं असतं.