आत्याने वर चढवलेलं गाणं

बारकी पस्तिशीला टेकली तरी घरात तिचं नाव बारकीच राहिलं. दिवसभर ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची आणि संध्याकाळी कपाटात शिरून गायची. कपाटात म्हणजे खरोखरच कपाटात. कोट टांगलेले आणि रजया कोंबलेल्या असल्यामुळे तिथे आवाज घुमत नाही, शिवाय स्टुडिओचं भाडंही पडत नाही. तिथेच तिने आपलं पहिलं गाणं रेकॉर्ड केलं, वर लावायचा फोटो स्वतःच काढला आणि सगळ्या ॲपांवर गाणी पोचवणाऱ्या एका कंपनीमार्फत ते प्रसिद्ध केलं.

प्रसिद्ध करणं सोपं असतं हो. लोकांच्या कानापर्यंत ते नेणं म्हणजे मात्र नाकी नऊ. बारकीने ओळखीच्या झाडून सगळ्यांना लिंक पाठवली. उत्तरादाखल अंगठे आले, फुलं आली, जोडलेले हात आले. गाणं कुणी ऐकलं नाही, हे ॲपवरचा आकडा सांगतच होता. कवळी घासता घासता गुणगुणतानाचे छोटे व्हिडिओ टाकले, तर लोकांनी दातांचे भाव विचारले. तिची अपेक्षा फार नव्हती. ओळख ना पाळख अशा एका तरी माणसाने गाणं शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच तिला हवं होतं. आणि हे ती आत्याजवळ बोलून बसली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. निवृत्त झाल्यापासून ती याच घरी राहायची. हाती घेतलेलं काम तडीस नेल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे, आणि बहुतेक वेळा ते काम दुसऱ्याचं असे.

पुढच्या आठवड्यात आकडा हलला. मग धावायलाच लागला. लॅबमध्ये बारकी सारखी हात पुसून फोन बघायची. त्या आकड्याने तिला पुरतं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. त्यातच रेडिओवर नव्या गायकांचा कार्यक्रम करणाऱ्या निवेदिकेचा फोन आला. "तुमचं गाणं झपाट्याने वर चढतंय. शनिवारी लावू या का?" त्या दिवशी बारकीने आनंदाच्या भरात एका आजोबांच्या कवळीत डावीकडची दाढ उजवीकडे बसवली.

शुक्रवारी गाणं गायब झालं. कंपनीचा मेल आला होता: ऐकण्याचा आकडा फुगवलेला आढळल्यामुळे गाणं काढलं आहे. जवळजवळ सगळं ऐकणं एकाच घरच्या इंटरनेटवरून झालं आहे.

बारकी तडक घरी आली. आत्याच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर घरातले, शेजारचे, काच तडकलेले, ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेले असे सगळे फोन ओळीने चार्जिंगला लावलेले होते. प्रत्येकावर आधीच डाउनलोड करून ठेवलेलं बारकीचं गाणं अजून चालू होतं आणि खोलीत चिडीचूप शांतता होती.

"आवाज बंद ठेवलाय," आत्या अभिमानाने म्हणाली. "तुझ्या बाबांची झोप मोडते ना. पण गाणं एकदाही थांबू दिलं नाही हो मी!"

"अगं आत्या, माणसांनी ऐकायला हवं होतं ते! फोनांनी नाही!"

"गर्दी दिसली की माणसं येतातच मागनं."

"काढून टाकलं त्यांनी गाणं. लबाडी केली म्हणून."

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. बारकीला तिची दया आली नाही, संतापच आला. पण खोटं बोलणं तिच्या जिवावर आलं. तिने निवेदिकेला फोन करून काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

"अरेरे! मग उद्याचं काही जमायचं नाही," निवेदिका म्हणाली.

"पण तुम्हाला गाणं आवडलं होतं ना?"

"खरं सांगू? ऐकायचं राहूनच गेलं. आकडा बघितला होता."

बारकी स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली. राग होता तेवढीच लाजही होती. थोड्या वेळाने आत्या दारात येऊन उभी राहिली.

"मला ऐकव ना ते गाणं."

"म्हणजे? तू ऐकलंच नाहीस?"

"वेळ कुठे होता बाई? एकावर गाणं लावतेय तोवर दुसरा बंद पडायचा."

बारकीला रडता रडता हसू फुटलं. तिने आपल्याजवळचं मूळ रेकॉर्डिंग लावलं. आत्याने खुर्ची ओढली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "परत लाव." दुसऱ्यांदाही ती तशीच बसून राहिली.

"पहिलं कडवं छान झालंय," शेवटी ती म्हणाली. "दुसऱ्यात मात्र तू पळतेस गं. ऐकणारा आता उठून जाईल अशी धास्ती घेतल्यासारखी."

कपाटात दुसरं कडवं गाताना बारकीला दर वेळी नेमकं हेच वाटायचं, आणि ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

गाणं नव्याने टाकायला कंपनीची ना नव्हती. आकडा तेवढा शून्यापासून. बारकी उठली, तोंडावर पाणी मारलं आणि माईक घेऊन कपाटात शिरली. आत्या मागोमाग स्टूल घेऊन आली आणि कपाटाच्या दारातच ठाण मांडून बसली.

"हं, म्हण आता सावकाश," ती म्हणाली. "मी कुठेही जात नाहीये."

बारकीने दुसरं कडवं धरलं.