मानाचे चौदा नारळ

लग्न ठरलेल्या पोरापोरींनी एकमेकांना पत्रं लिहावीत, मी नको म्हणत नाही. पण पाकिटात घालून लिहावीत, आणि पाकीट नीट चिकटवावं. मला कुणी लग्नाबद्दल एकच सल्ला विचारला तर मी हाच देईन. मुहूर्त, साड्या, वाजंत्री, ते सगळं कसंतरी पार पडतं. उघडं कार्ड एकदा गावात शिरलं की मग ते निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

माझं लग्न अठ्ठावन्न सालच्या वैशाखातलं. तेव्हा मी पोलादपूरच्या शाळेत पहिलीला शिकवत होते. सातवी पास झालेली आमच्या वाडीतली मी पहिलीच मुलगी. आठवडाभर पोलादपुरात मामाकडे राहायचं आणि शनिवारी शाळा सुटली की डोंगर चढून वाडीत यायचं. नवरा तुडीलचा, दत्ताराम, महाडला मास्तर. दोघंही शिकलेले, म्हणून सुपारी फुटली तेव्हा बा म्हणाले, "तुमचं काय तं तुमीच ठरवा. आमाला काय कळतंय?" बा म्हणजे माझे वडील, सोनबा. आयुष्यात कुणाशी वरच्या आवाजात बोलले नाहीत.

हे बोलणं मास्तरांनी फारच मनावर घेतलं. ठरवायचंच तर सगळं नीट, मुद्देसूद ठरवू, असं म्हणून ते एका रविवारी मामाकडे आले. ओटीवर मामा बसलेले, दाराआड मी, आणि मध्ये मास्तरांचा कागद. त्यांनी विचारलं, तुमच्याकडे लग्नात काय काय चालतं? मी सांगत गेले. तेव्हाच मी नारळांचंही सांगितलं.

आमच्या गावकीत चौदा घरं मानाची. लग्नात पंगत बसायच्या आधी नवरीच्या बापानं त्या चौदा घरच्या कारभाऱ्यांच्या हातात एकेक नारळ द्यायचा. पहिला कुशाबाला, कारण गावकीचा पुढारी तो. मग ठरलेल्या ओळीनं बाकीच्यांना. नारळ द्यायचा, रामराम करायचा, बस. आमचं घर त्या चौदांत नाही. लहानपणापासून मी बघत आले होते, नारळ घेणारे घेतात आणि आमच्यासारखे बघत उभे राहतात. माझ्या मनात ते सलत होतं, आणि मास्तरांसमोर मी जरा तिखटमीठ लावूनच सांगितलं. खोटं कशाला बोलू?

मास्तर महाडला गेले आणि त्यांनी कार्ड लिहिलं. आता नवरीला थेट पत्र लिहिणं बरं दिसत नाही, म्हणून पत्ता घातला बांच्या नावाचा. बांना अक्षर येत नाही हे त्यांना माहीत होतं. पण चंद्रभागा वाचून दाखवील, असा त्यांचा हिशेब. चंद्रभागा, म्हणजे मी, शनिवारीच घरी असते, हे मात्र शिकलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. कार्ड आलं बुधवारी.

आमच्याकडे टपाल आणायचा हैबती. ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाचूनही दाखवायचा, आणि तेही खड्या आवाजात. त्या दिवशी भैरीच्या देवळापुढं गावकी बसली होती. वैशाखात आमच्या वाडीत तीन लग्नं आणि गावकीची भांडी एकच संच, तेव्हा भांडी कुणाला कधी द्यायची ते ठरत होतं. बासुद्धा तिथंच होते. हैबती म्हणाला, "सोनबा, जावयाचं कार्ड हाय, वाचू काय?" बा म्हणाले, वाच. जावयाचं पत्र चारचौघांत वाचलं जाणार, त्यांना कौतुकच वाटलं असणार.

हैबतीनं वाचलं. मुहूर्त सकाळचा धरावा, वऱ्हाडाला उन्हातून चढावं लागू नये. बँड नको, सनई पुरे. जेवणात भात, आमटी, एक भाजी आणि बुंदी, उगाच पक्वान्नं नकोत. इथवर माना डोलत होत्या. मग चौथा मुद्दा: "मानाचे नारळ देण्याची प्रथा बंद करावी. चौदा जणांस मान आणि उरलेला गाव बिनमानाचा, हे स्वतंत्र देशात शोभत नाही. जेवावयाचे असल्यास सर्वांनी सारखेच येऊन जेवावे." खाली सही, लफ्फेदार.

 कुशाबा उठले म्हणे, धोतर झटकलं आणि घरी गेले.

शनिवारी मी वाडीत पोचले तर आये चुलीपाशी तोंड पाडून बसलेली. तिनं सगळं सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुद्दा मला पटलेलाच होता, पण तो देवळापुढं, हैबतीच्या तोंडून? मी त्याच रात्री मास्तरांना पत्र लिहिलं, पाकिटात. नारळांचं परत घ्या, बांना इथं राहायचंय, असं स्पष्ट लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. कार्डावर. "तत्त्वाच्या बाबतीत तडजोड नको. एकदा माघार घेतली की समाज पुढे जात नाही." ते हैबतीकडून मी हिसकावूनच घेतलं, पण येताना तीन वाड्या ओलांडून आला होता तो, रस्ताभर वाचतच आला असणार. मला म्हणतो, "मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं हाय गो." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पाणीसुद्धा न पिता गेला.

गावकीनं आम्हाला वाळीत टाकलं असं कुणी म्हणणार नाही. तसं बोलले असते तर मी भांडले तरी असते. भांडायला समोर कुणीच नव्हतं. बा भांडी मागायला गेले तर कुशाबा म्हणाले, "देऊ की. पन कल्हई उडालीय सगळी. कल्हईवाला आता दिवाळीला येनार." बाकीच्या दोन लग्नांना तीच भांडी गेली, त्यांची कल्हई उडाली नव्हती. मांडवाच्या मेढी तोडायला माणसं सांगितली, तर एकाला बहिणीकडे जायचं होतं, दुसऱ्याच्या बैलाच्या पायात काटा मोडला होता. वाढपी मिळेनात. विहीर उताराच्या खाली, वैशाखात तळ गाठलेली. चारशे माणसाचं पाणी पंधरा-वीस बायांनी भरल्याशिवाय होत नाही, आणि प्रत्येकीचा खांदा त्याच आठवड्यात धरला होता. येसूबाई, जिच्या चारही बाळंतपणांत माझी आये रात्रंदिवस राबली, तीसुद्धा म्हणाली, "बघते गो, धनी काय म्हनतात तं."

हळद दळायला पाच घरच्या सवाष्णी बोलवायच्या असतात. शाळेला सुट्टी लागून मी आता घरीच होते. आयेनं जातं मांडलं, हळकुंडं काढली, सुपात तांदूळ ठेवले. दुपार झाली, कलती झाली. कुणी आलं नाही. मग ती एकटीच बसली दळायला. मी खुंट्याला हात लावला तर म्हणाली, "नवरीनं आपली हळद दळू नये. बाजूला हो." जात्याची ओवीही ती एकटीच म्हणत होती.

मला सगळ्यांचाच राग येत होता. मास्तरांचा, कारण त्यांचं तत्त्व महाडात खुर्चीवर बसलं होतं आणि त्याची किंमत इथं बा मोजत होते. कुशाबांचा तर होताच. आणि बांचाही होता. रोज सकाळी ते कुशाबांच्या अंगणात जाऊन बसायचे. बैलांचं बोलायचे, आंब्याचं बोलायचे, आणि परत यायचे. एक दिवस मी म्हटलंच, "बा, तुम्ही सरळ विचारत का नाही? आपण काय चोरी केलीय? महाडहून भांडी भाड्यानं आणू, आचारी आणू. नाही आला गाव तर नाही."

बा वहाणेचा अंगठा शिवत होते. म्हणाले, "आनू. तू जाशील तुडीलला. म्होरल्या साली तुझी आये आजारी पडली तं डोली कोन उचलील? भाताची लावनी कोन करील? महाडचा आचारी?"

 

लग्नाला चार दिवस राहिले तेव्हा मी स्वतःच कुशाबांकडे गेले. नवरीनं असं जायचं नसतं, आये अडवत होती, पण मला आता घरात बसवेना. कुशाबा अंगणात काथ्याचा दोर वळत बसले होते. मी म्हटलं, "कुशाकाका, चूक माझी आहे. नारळांचं मीच मास्तरांना सांगितलं. बांना त्यातलं काही माहीत नव्हतं. रागवायचं तर माझ्यावर रागवा."

ते दोर वळतच राहिले. मग म्हणाले, "नारळाचं काय गो, झाडाला लागतात. माझ्या अंगनात येऊन मास्तर बोलला असता, काका, हे बंद करूया, तं मी भांडलो असतो त्याच्याशी. दोन दिवस भांडलो असतो. कदाचित ऐकलंबी असतं. पन देवळाम्होरं, पोस्टमनच्या तोंडून? चौदा घरांच्या बापजाद्यांचा मान काढला तुमी, पाच पैशाच्या कार्डावर."

मला कबूल करायला लागतंय, त्यांचं ते म्हणणं खोटं नव्हतं. मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी दोराला गाठ मारली आणि म्हणाले, "जा आता. भांडी उद्या सकाळी पोचतील. बायाबी येतील पान्याला."

मी घरी जवळजवळ पळतच आले. मनात म्हटलं, बघा, नीट शब्दांत बोललं की माणूस ऐकतो, एवढे दिवस बा नुसते बैलांच्या गप्पा मारत बसले. मी बांना तसं म्हणूनही दाखवलं. बा म्हणाले, "बरं झालं." एवढंच. मला वाटलं, दमलेत.

दुसऱ्या दिवशी खरोखरच सगळं सुरू झालं. टोप आले, पराती आल्या, मेढी रोवल्या, वर जांभळीचे टाळे, पानांच्या डहाळ्या, चढले. बायांचे खांदे बरे झाले. नारळही आले, चौदा, बांनी स्वतः सोलून शेंडी राखून ठेवलेले. मास्तरांना मी कळवलं नाही. म्हटलं, असतील अंतरपाटापलीकडे, त्यांना कुठं दिसणार आहे?

लग्नाच्या दिवशी मुहूर्त सकाळचा होता, तेवढा एक मुद्दा मास्तरांचा पाळला. मी पाटावर उभी, हातात हार, पाठीशी मामा. भटजींनी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या कडेनं मला अंगण दिसत होतं. सतरंजीवर ती चौदा माणसं ओळीनं बसलेली. बा नारळांची टोपली घेऊन त्यांच्यापुढं गेले. पहिला नारळ त्यांनी कुशाबांच्या हातात दिला. मग खाली वाकले आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मला वाटलं, वयानं मोठे आहेत म्हणून. पण दुसऱ्या नारळालाही तेच. तिसऱ्यालाही. पाचव्या जागेवर भागोजी. बाप वारला म्हणून दोन वर्षांपूर्वी त्या जागी बसलेला. शाळेत माझ्या मागच्या ओळीत बसायचा, माझ्या पाटीवरचं बघून गणितं उतरवायचा. बांनी त्याला नारळ दिला आणि त्याच्याही पायांवर डोकं ठेवलं. भागोजीनं मान दुसरीकडे फिरवली, पण पाय मागं घेतले नाहीत.

मी मामांना म्हटलं, "हे काय चाललंय?"

मामा हळूच म्हणाले, "गप उभी राहा. तू कुशाबाकडं गेलीस त्याच्या आदल्या दिवशीच कबूल करून आलेत ते. चौदाही जणांच्या पाया पडेन म्हणाले, तेव्हा भांड्यांना कल्हई झाली."

म्हणजे मी गेले तेव्हा सगळं ठरलेलंच होतं. माझं ते बोलणं, माझे ते नीट शब्द, सगळं फुकट. लोक अक्षता टाकत होते, भटजी गात होते, आणि माझा बाप एकेकापुढं सरकत होता. सहावा, सातवा. गुडघ्यावर हात टेकून उठायचे, टोपली उचलायची, पुन्हा वाकायचं.

अंतरपाट खाली आला. समोर मास्तर, बाशिंग बांधलेले, हसत. माझ्यासाठी हार उचललेला. इतका संताप मला त्या माणसाचा पूर्वी कधी आला नव्हता आणि नंतरही नाही. मी हार घातला नाही. म्हटलं, "आधी तिकडं बघा."

त्यांनी बघितलं. बा तेव्हा अकराव्यापुढं वाकत होते. मास्तरांना समजायला वेळ लागला नाही, हुशार होते. चेहरा पार उतरला. भटजी म्हणत होते, मुहूर्त टळतोय, हार घाला. मास्तर पाटावरून उतरले आणि हार हातात घेऊनच अंगणात चालत गेले. वाजंत्री थांबली. सगळा मांडव बघत होता. बा तेराव्यापाशी पोचले होते. मास्तर त्यांच्या शेजारी गेले आणि वाकायला लागले.

बांनी त्यांचा दंड धरला.

"तुमी नका जावईबापू," बा म्हणाले. "दोनच राह्यलेत."

मास्तर तसेच उभे राहिले. बा त्या दोघांच्या पाया पडले, रिकामी टोपली बाजूला ठेवली, धोतराला हात पुसले आणि मांडवाकडे वळून मला म्हणाले, "घाल गो हार. भात निवतोय."