पंचांच्या वाटचं सूत

अणदूरच्या विणकर सोसायटीत माग होते अठ्ठावीस, आणि निजामाच्या राज्यात फसली तेराशे त्रेपन्न साली, म्हणजे इंग्रजी १९४३-४४ त, तिकडं दुसरी मोठी लढाई चालू असताना, सरकारी वाटपाचं कंट्रोलचं सूत यायचं ते जेमतेम अठरा मागांपुरतं. ते कुणाला द्यायचं हे पाच पंचांनी ठरवायचं. बंडप्पा त्या पंचांचा मुख्य. त्याला उगाच कुणी मुख्य केलं नव्हतं. पहिल्याच सभेत तो उठून सगळ्यांसमोर बोलला होता, "सूत कमी हाय, तवा पंचाचा माग शेवटी. समद्यांचं भागून उरलं, तर आमाला."

दोन महिने त्यानं शब्द पाळला. घरातला माग उघडाबोडका पडलेला, बायको नीलम्मा दुसऱ्याच्या रानात शेंगा तोडायला जायची. रस्त्यानं चालताना लोक त्याच्याकडं बोट दाखवून पोराबाळांना सांगायचे, माणूस असा असावा. बंडप्पाला ते आवडायचं. आवडतं, हे मात्र त्यानं स्वतःशीही कबूल केलं नाही.

तिसऱ्या महिन्यात पंच रामकिसनच्या ओसरीवर बसले. रामकिसन पंचांतलाच एक, सोसायटीचा सेक्रेटरी. उर्दू शिकलेला, त्यामुळं तुळजापूरच्या कचेरीचे सगळे कागद त्याच्याच हातात.

"कचेरीत दिसभर उभं आमी ऱ्हायाचं, चपराशाची बोलणी आमी खायाची, आन् घरला माग बंद. किती दिस चालायचं हे?" तो म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग त्यानं वाट काढून दिली. "यादीत तीन नावं मेलेल्यांची हायती. ती काढू. त्यांच्या वाटचं सूत आपुन पाच जण घेऊ. कायदाच हाय तसा."

कायदा तसा होता का, कुणी विचारलं नाही.

त्या तिघांत वली होता. आदल्या साली पटकीनं गेला. त्याच्यामागं त्याची बायको जैनबबी स्वतः मागावर बसली. विणकरांच्या गल्लीत तोवर बायका सुताच्या कांड्या भरायच्या, विणायला मागाच्या खड्ड्यात पाय कुणी टाकला नव्हता. तिला पायानं पावड्या कशा दाबायच्या, धोटा कसा फेकायचा, हे शिकवलं ते बंडप्पानंच.

"वलीच्या घरी माग चालतो की," तो म्हणाला.

"बाईच्या नावावर कुठं हाय?" रामकिसन म्हणाला.

नाव चढवायला एक ओळ पुरली असती. बंडप्पाला ते कळत होतं. पण समोर सुताचा गठ्ठा सोडलेला होता, नव्या सुताचा वास ओसरीभर पसरला होता, आणि त्याच्या हातांना कितीतरी दिवसांत सूत लागलं नव्हतं. त्यानं नावं काढल्याच्या कागदावर सही केली.

रामकिसननं जैनबबीला सांगितलं, यंदा सूत कमी आलंय. तिनं माग झाकून ठेवला. घराला कडी घातली आणि नळदुर्गला भावाकडं गेली. तिथं सोलापूरच्या सडकेवर खडी फोडायचं काम निघालं होतं.

इकडं बंडप्पाचा माग सुरू झाला. नीलम्मा कांड्या भरता भरता म्हणाली, "अवो, म्हंजी समद्यांना पुरलं म्हणा की सूत."

"व्हय," तो म्हणाला. तिचा विश्वास बसला. तिचा चेहरा फुललेला बघून त्यानं मान खाली घातली आणि धोटा जोरानं फेकला.

महिना उलटून गेला असेल. बाजाराच्या दिवशी दुपारी दारातून हाक आली, "बंडप्पाभाऊ, हाय का घरात?"

जैनबबी होती. पदराखालचं गाठोडं तिनं नीलम्मापुढं ठेवलं.

"अक्का, चार शेर जवारी हाय. खडी फोडून मिळाली. म्हटलं, माज्यावानी तुमचाबी माग बंद असंल. भाऊ काय सोताच्या घरात आदी सूत घ्यायचे न्हाईत. तुमी उपाशी, आन् म्या एकलीनं खाऊ व्हय?"

बोलता बोलता तिची नजर आत गेली. मागावर हिरव्या काठाचं लुगडं चढलेलं होतं, निम्म्याच्या वर विणून झालेलं. ती बघत राहिली. मागाच्या खड्ड्यात बसलेल्या बंडप्पाला वाटलं, या खड्ड्यातच आपल्यावर माती लोटावी कुणीतरी.

"सूत आलं व्हय तुमाला," ती हळू म्हणाली. "बरं झालं." गाठोडं तिथंच ठेवून ती गेली. 

"जैनबबीला न्हाय मिळालं?" नीलम्मानं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. "मंग मला व्हय कशाला म्हणालात?"  तिनं कांड्यांची टोपली लांब सरकवली आणि उठून गेली. त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

आठ दिवस बंडप्पा मागावर बसला नाही. नवव्या दिवशी त्यानं खंडोबाच्या देवळापुढं सगळे विणकर बोलावले. ते लुगडं आणि उरलेलं सूत मधोमध ठेवलं आणि घडलं ते सांगितलं. कुणाची नावं काढली, कशी काढली, आपण सही कशी केली. लोक शिव्या देतील असं त्याला वाटलं होतं. खरं तर त्यासाठीच तो उभा होता. पण एकही शिवी आली नाही.

शेवटी म्हातारा हरिबा बोलला. "बंडप्पा, मागाचा आवाज भिंतीत दबतो व्हय? आमाला पैल्या दिशीच कळलंय."

"मंग बोलला का न्हाई?"

"रामकिसननं खाल्लं असतं तर तुज्याकडं आलो असतो. तूच खाल्लंस. मंग जायाचं कुनाकडं?"

रामकिसन उठून म्हणाला, "कागदावर मुख्याची सही हाय, माजी न्हाय." आणि ते खरंच होतं. तो निघून गेला, त्याच्यामागं आणखी एक पंच गेला. राहिलेल्या पंचांनी काढलेली तिन्ही घरं पुन्हा यादीत घातली. जैनबबीचं नाव तिच्या स्वतःच्या नावानं लागलं.

"मुख्य दुसरा कुनी करा," बंडप्पा म्हणाला.

"सुटायला बघतोस व्हय?" हरिबा म्हणाला. "ऱ्हा तितंच. पर आता वाटप समद्यांदेखत, हितं, उघड्यावर."

दुसऱ्या दिवशी जैनबबीच्या वाटचं सूत खांद्यावर घेऊन तो चालत नळदुर्गला गेला. सडकेच्या कडेला खडीच्या ढिगापाशी जैनबबी बसली होती. त्याला बघून तिनं हातोडी खाली ठेवली.

"भाबी, म्या चुकलो. तुमचं नाव काढलं, त्या कागदावर माजी सही हाय," तो म्हणाला. "हे तुमचं सूत. दर म्हैन्याला मिळंल आता."

 सुताची लडी हातात घेऊन तिनं एक तार ओढून बघितली. बोटं खडीनं तडकली होती, चिरांना कडक धारा आल्या होत्या. सूत तिथं अडकलं आणि तुटलं. दुसरी तारही तुटली.

"बोटास्नी त्याल लावीन," ती म्हणाली. "पडतील मऊ."

"किती दिस लागतील?"

"काय ठाव." तिनं लडी परत त्याच्या हातात दिली. "धरा वाईच. धुरळा बसंल. एवढं टोपलं भरू द्या, मंग येते."

ती पुन्हा खाली बसली. बंडप्पा दोन्ही हातांत सूत धरून सडकेच्या कडेला उभा राहिला. शेजारच्या बायका हातोड्या थांबवून त्याच्याकडं बघू लागल्या. कोण हाय, त्यांनी विचारलं. जैनबबीनं मान वर न करता सांगितलं, "आमच्या गावचे पंच हायती."